नगरचा समुद्र

“आपल्या जिल्ह्यास समुद्रकिनारा लाभला आहे काय?” हा प्रश्न चौथीच्या वर्गात भूगोल शिकविताना आम्ही दरसाल विचारीत असू. “नाही, गुरुजी!” असे एकमुखाने उत्तर येई आणि आम्ही प्रसन्न चित्ताने पुढच्या धड्याकडे वळत असू. पस्तीस वर्षे हा क्रम चालला. एकदाच काय तो त्यात खंड पडला. हरिश्चंद्रगडाच्या सहलीत कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून खाली पाहताना अकोल्याकडचा एक मुलगा ओरडला, “गुरुजी, समुद्र दिसला!” ते धुके होते. आम्ही त्यास सर्वांदेखत हसलो. २०२४ च्या डिसेंबरात आम्हांस चार दिवसांचा एक प्रवास घडला, आणि तेव्हापासून त्या मुलाला हसल्याचे आम्हांस वाईट वाटते.

या प्रवासास निमित्त झाली आमची पुतणी. आमचे धाकटे बंधू २०२१ च्या करोनाच्या साथीत गेले. मागे भावजय आणि ही एकुलती एक मुलगी. मुलगी पुण्यास डॉक्टर झाली, रुग्णालयातली उमेदवारी पुरी केली, आणि आता नगरास येऊन दवाखाना थाटील, सुस्थळी पडेल, अशी घरातल्या सर्वांची कल्पना असता एके सायंकाळी देवापुढे दिवा लागल्यावर ती म्हणाली की, आपण वर्षभरासाठी आफ्रिकेस जाणार. केनियात मोंबासा शहराच्या उत्तरेस समुद्रकाठी एक लहानसे रुग्णालय आहे. एका सेवासंस्थेमार्फत तेथे बाळंतिणी आणि तान्ही मुले यांच्या शुश्रूषेचे काम करावयाचे. प्रवासखर्च, राहणे, जेवण संस्थेचे. “आणि वेतन?” आम्ही विचारले. ती नुसती हसली.

भावजय काही बोलली नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आली व म्हणाली, “भावोजी, ती तुमचं ऐकते. तेवढं तुम्ही बोला.” आम्ही तो भार पत्करिला. खरे सांगावयाचे तर तो आम्हांस आवडलाही. माणसाने शाळा सोडली तरी उपदेश सुटत नाही.

इतक्यात मुलीनेच एक मागणी केली. “काका, जाण्याआधी आपण सगळे चार दिवस कोकणच्या समुद्रावर जाऊ. मी मुंबईची चौपाटी सोडली तर समुद्र पाहिलेलाच नाही.” हे ऐकून प्रथम आमच्या कपाळाला आठी पडली. सेवेस निघालेल्या माणसाने सहलीच्या गोष्टी कराव्यात हे आम्हांस विसंगत वाटले. व्रत घ्यावयाचे आणि आदल्या दिवशी मेजवानी झोडावयाची, त्यातलाच हा प्रकार! परंतु मग विचार केला की, चार दिवस मुलगी आपल्या हाती सापडते आहे, शांतपणे समजूत घालावयास याहून चांगली संधी कोणती? म्हणून आम्ही मोठ्या उत्साहाने होकार दिला. हे कपट होते, आणि ते येथे कबूल करणे भाग आहे. निघण्यापूर्वी आम्ही आमच्या रोजनिशीत तीन मुद्दे टिपून ठेविले होते: पहिला शास्त्राचा, दुसरा डॉक्टर कोटणीसांचा, तिसरा तिच्या आईचा.

माळीवाड्याच्या स्थानकावरून सकाळी पुण्याची एस. टी. धरली. आमच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल की, राज्य परिवहनाची पहिलीवहिली मोटार १ जून १९४८ रोजी धावली ती याच नगर–पुणे रस्त्यावर. आता आमच्या गावाचे नाव शासनदरबारी अहिल्यानगर झाले आहे, आणि चौंडीच्या त्या थोर लेकीचे नाव गावास मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे, परंतु वाहकाने “कुठले?” म्हणून विचारताच चौघांच्याही तोंडून “नगर” हेच निघाले. वाटेत पुतणीने दंड चोळीत सांगितले की, आफ्रिकेस जावयाचे म्हणून तिने पीतज्वराची लस टोचून घेतली आहे; ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचा दाखला नसेल तर तिकडून परतताना आपल्याच सरकारचे अधिकारी माणसास अडवून ठेवितात. आमचे कुटुंब हे ऐकून म्हणाले, “म्हणजे हिची सगळी तयारी झालीच की!” भावजयीने आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोली, पेण करीत सायंकाळी अलिबागेस पोहोचलो. सकाळी ज्वारीची शेते व उघडे माळ मागे टाकिले होते. सायंकाळी दोहों बाजूंस कापलेल्या भाताची खाचरे आणि पुढे मिठागरे. एका दिवसात दोन देश पाहिल्यासारखे वाटले. अलिबागेचा कुलाबा किल्ला, कान्होजी आंग्र्यांची समाधी, मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार म्हणून १९०४ साली येथे हलविलेली चुंबकीय वेधशाळा, हे सारे पुष्कळांनी पाहिलेले आणि पुष्कळांनी वर्णिलेले आहे. त्याविषयी आम्ही लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी चौलास गेलो, आणि आमच्या भूगोलास पहिला धक्का बसला तो तेथे.

चौल आज नारळी-पोफळींच्या वाड्यांत लपलेले शांत गाव आहे. अरुंद रस्ता, दोहों बाजूंस चिऱ्यांचे गडगे, आत ओलसर सावली. परंतु टॉलेमीने दुसऱ्या शतकात ज्या सिमुल्ल बंदराचा उल्लेख केला ते हेच, असे विद्वान मानतात. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन येथे उतरला व घाट चढून जुन्नरास गेला. हे सारे आम्ही पूर्वी वाचले होते. वाचूनही ध्यानी आले नव्हते ते असे की, १४९० मध्ये बहामनी राज्यातून फुटून मलिक अहमदाने निजामशाही स्थापिली आणि सीनेच्या काठी आमचे शहर वसविले, तेव्हा घाटाखालचा हा पट्टाही त्याच्या राज्यात आला. म्हणजे चौल हे नगरचे बंदर होते! नगरच्या राजवाड्यांत परदेशचे जे जे काही गेले असेल त्याची पहिली पाटी या वाळूवर उतरली असली पाहिजे. आम्ही फराहबक्ष महाल मुलांना शंभर वेळा दाखविला. पण त्याचा दरवाजा इतक्या दूर, समुद्रावर उघडतो हे कधी सांगितले नाही.

येथील रामेश्वराच्या देवळापुढे मोठी पुष्करणी आहे आणि देवळात तीन कुंडे आहेत: अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. ती एरवी झाकलेली असतात. पाऊस अगदीच दडी मारून बसला तर पर्जन्यकुंड उघडावयाचे, अशी चाल. आम्ही नगरचे; १९७२ चा दुष्काळ आम्ही शाळकरी वयात पाहिलेला, खडी फोडावयास गेलेल्या बायकांच्या रांगा आमच्या डोळ्यांपुढे अजून उभ्या आहेत. चहूंकडे पाणी असलेल्या गावाने पावसासाठी कुंड राखून ठेवावे याचा आम्हांस अचंबा वाटला. आमच्या कुटुंबाने त्या झाकलेल्या कुंडास मनोभावे नमस्कार केला व हळूच म्हटले, “आमच्याकडचंही बघा.”

पुतणी सर्वत्र एक वही घेऊन हिंडत होती. वाडीत रहाट कसा होता, विहिरीचे पाणी मचूळ लागते काय, बाळंतिणीस येथे काय खावयास देतात, मुलांना जुलाब कोणत्या महिन्यात होतात, असले प्रश्न ती भेटेल त्या बाईस विचारी आणि टिपून घेई. आम्ही किंचित उपहासाने म्हटले, “सहलीस आलीस की चौकशीस?” तेव्हा ती म्हणाली, “काका, मी घाटावरची मुलगी. तिकडं जाऊन समुद्राकाठच्या माणसांत राहायचं आहे. समुद्राकाठी माणसं कशी जगतात हे आधी आपल्याच घरी बघून घेऊ नये का? आणि तिकडचं कुणी विचारलं की तुमचा समुद्र कसा आहे, तर मी काय सांगू? चौपाटीवर भेळ मिळते म्हणून?” सहल आणि सेवा यांच्यात आम्ही जी विसंगती पाहिली होती ती तिच्या मनात कधीच नव्हती, हे आम्हांस तेथे कळून आले. आम्ही गप्प बसलो. पण मुद्दे रोजनिशीत शाबूत होते.

दुपारी रेवदंड्यास गेलो. चौलच्या खालच्या अंगास खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी १५१६ साली निजामशहाच्या परवानगीने वखार घातली आणि मग कोट बांधिला. त्याची पडकी तटबंदी, प्रार्थनामंदिरांचे उभे राहिलेले सांगाडे आणि ‘सातखणी’ म्हणतात तो मनोरा अजून माडांच्या गर्दीत दिसतो. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने या कोटास वेढा दिला. वेढा पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत चालला, आणि नगरची एवढी मोठी फौज जशी आली तशी घाट चढून परत गेली. तटाच्या सावलीत दशम्या सोडताना आम्ही ही हकीकत सांगितली. सांगण्याच्या भरात गार्सिया द ओर्ता याचीही गोष्ट निघाली. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. आमच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह होता व त्याच्या उपचारासाठी तो नगरास जात असे. इकडच्या औषधींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापिला गेला.

“म्हणजे नगरला तेव्हा समुद्रापलीकडून डॉक्टर यायचे!” पुतणी म्हणाली. मग आईकडे वळून, “ऐकलंस का, आई?”

आम्ही जीभ चावली. आपल्याच तोंडाने विरुद्ध पक्षाचा पुरावा दाखल केला होता.

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. हा डोंगर म्हणजे नगरच्या दुसऱ्या पराभवाची जागा. रेवदंड्यावर तोफा डागता याव्यात म्हणून दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने येथे किल्ला बांधावयास घेतला. १५९४ साली पोर्तुगीजांनी तोही जिंकून घेतला. गंमत अशी की, पायथ्याच्या वस्तीत काही ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजांच्या भाषेपासून निपजलेली एक मिश्र बोली घरात बोलतात. पोर्तुगीज १७४० मध्ये येथून गेले. त्यांची तटबंदी ढासळली, तोफा गंजल्या, आणि आयांनी मुलांस झोपविताना वापरलेले शब्द तेवढे उरले. त्या बोलीस ते लोक ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ असे म्हणतात. त्यातला ‘नौ’ आणि आमच्या संस्कृतातला ‘नः’ हे एकाच कुळातले शब्द होत. आम्ही ते पुतणीस सांगितले व तिने ते वहीत घातले. शब्दरूपावली पाठ करून घेतल्याचे श्रम इतक्या वर्षांनी कोर्लईच्या कोळीवाड्याजवळ फळास आले.

दीपगृहाच्या आवारातून सूर्यास्त पाहावयास बसलो. सूर्य पाण्यास टेकला तेव्हा भावजयीने आम्हांस खुणावले. आम्ही खाकरलो आणि पहिला मुद्दा काढिला. बौधायनाने समुद्रयानास पतनीय कर्मांत प्रथम स्थान दिले आहे. मनूच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धास न बोलावण्याजोग्या ब्राह्मणांत समुद्रावर जाणारा गणिला आहे. पुढे कलिवर्ज्यप्रकरणात तर समुद्रयान केलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये असे आले. हे सारे या कोकणपट्टीचेच सुपुत्र महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात साद्यंत मांडिले आहे. आम्ही बोलत असता आमचा आम्हांलाच आवाज पोकळ वाटत होता, कारण आमच्या घरातली दोन मुले अमेरिकेत नोकरीस आहेत आणि ती आली म्हणजे आम्ही त्यांच्या पंक्तीस बसून जेवितो. पगारासाठी समुद्र ओलांडला तर चालतो व सेवेसाठी ओलांडला तर शास्त्र आठवते, हा कोणता न्याय?

पुतणीने सर्व ऐकून घेतले. “काका, मनूच्या आठव्या अध्यायात समुद्रयानात निपुण असलेल्या लोकांनी ठरवलेला व्याजाचा दर प्रमाण मानावा असं आहे ना? जायचंच नव्हतं तर निपुण कसे झाले? आणि बौधायन समुद्रयान हा उत्तरेकडच्या लोकांचा आचारही सांगतो. तुम्हीच शिकवलं होतंत.” शिकविले होते खरे. अकरावीच्या सुट्टीत, आमच्याच ओसरीवर.

तिसऱ्या दिवशी काशीदच्या पांढऱ्या वाळूवर दुसरा मुद्दा झाला. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून आगबोटीने चीनला निघाले. राष्ट्रीय सभेने पाठविलेल्या त्या पथकात पाच डॉक्टर होते; डॉक्टर अटल प्रमुख, नागपूरचे डॉक्टर चोळकर, बंगालचे बसू आणि मुखर्जी. चौघे परत आले. कोटणीस आले नाहीत. वडील निवर्तल्याचे वृत्त त्यांना तेथेच कळले. तरी ते आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमधल्या एका खेड्यात ते गेले. त्या वेळी, ज्या पंडित नेहरूंनी हे पथक धाडण्यासाठी खटपट केली होती, ते आमच्याच नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत त्यांस तेथे ठेविले होते. “थोर पुरुष,” आम्ही म्हणालो, “पण सोलापुरात त्यांची आईही होती, हे कोणी लिहीत नाही.” हे वाक्य आम्ही नगराहून जुळवून आणिले होते, आणि ते बोलताना आमच्या लक्षात आले की भावजय दोन पावलांवर उभी राहून सारे ऐकते आहे.

पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. लाटा येत-जात होत्या. मग तिने विचारले, “काका, फरारबाईंच्या आईचं नाव काय होतं?”

सिंथिया फरार यांचे नाव नगरकरांस सांगावयास नको. या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये जहाजाने मुंबईस आल्या. एकदा मायदेशी जाऊन १८३९ साली पुन्हा आल्या त्या नगरास, आणि तेथे त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे पाठ नगरात त्यांच्याकडे घेतले. बाई १८६२ मध्ये नगरातच वारल्या. त्या मिशनच्या होत्या, धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, आणि त्याविषयीचे आमचे मत आम्ही कधी लपविले नाही. तथापि आमची आजी ज्या शाळेत अक्षरे गिरवावयास शिकली तिचे मूळ शोधीत गेलो तर कोठे पोहोचू, हे आम्हांस पक्के माहीत आहे. फरारबाईंच्या आईचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. पस्तीस वर्षे शिक्षकी करून नगरच्या मुलींच्या पहिल्या शिक्षिकेची आई आमच्या कधी मनातही आली नव्हती.

दुपारी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. जंजिऱ्याचे महाद्वार होडी तटाला भिडेपर्यंत दिसत नाही. नुसता काळा तट पाण्यातून वर आलेला. येथेही नगर आडवे आलेच. कोळ्यांच्या पाटलाचा हा लाकडी मेढेकोट होता. तो निजामशाहीच्या सरदाराने काबीज केला, मग दगडी किल्ला झाला, आणि पुढे जे हबशी सिद्दी येथे स्वतंत्र झाले तेही मूळचे नगरच्याच चाकरीतले. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. हे हबशी आले कोठून? आमची पुतणी निघाली होती त्याच आफ्रिकेच्या पूर्व भागातून. मलिक अंबर तिकडच्या इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मला; लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दक्षिणेत आला, आणि मोगलांनी नगर घेतल्यावर पडती निजामशाही त्यानेच पंचवीस वर्षे खांद्यावर पेलिली. त्याच्या जमीनमोजणीचे कौतुक आम्ही पाठ्यपुस्तकातून वर्षानुवर्षे केले आहे. त्याला विकले ते कोणी आणि कोणत्या बंदरावर, हे पुस्तकात नव्हते, म्हणून आम्हीही विचारले नाही.

होडीत पुतणी आमच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, “काका, तिकडून इकडं इतकी माणसं विकली जाऊन आली. इकडून तिकडं एक जण आपखुशीनं गेली तर काय बिघडलं?” नावाड्याने शीड फिरविले, होडी कलली, आणि आम्ही काठ घट्ट धरिला. उत्तर द्यावयाचे राहून गेले.

किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. आमच्या पुढे एक सात-आठ वर्षांचा मुलगा, बहुधा सांगली-कोल्हापूरकडच्या कुटुंबातला, पाय घसरून आपटला; कालवांच्या कपरीने पाऊल चांगलेच चिरले. रक्त पाहून त्याची आई किंचाळू लागली, भोवती गर्दी झाली. पुतणीने पिशवी उघडून पाणी ओतले, जखम धुतली, आणि वर न पाहता म्हणाली, “पाय धरा कुणीतरी.” भावजय पुढे झाली. नऊवारीचा ओचा खोचून ती ओल्या पायरीवर बसली आणि त्या अनोळखी मुलाचे पाऊल तिने मांडीवर घेतले. दहा-बारा मिनिटे मायलेकी एकमेकींशी अक्षरही न बोलता काम करीत होत्या. मूल रडावयाचे थांबले. आम्ही छत्री धरून उभे होतो. आमचा उपयोग तेवढाच.

त्या रात्री मुरूडास ज्या घरी उतरलो होतो तेथे जेवणे झाली. सोलकढी आमच्या कुटुंबास फार आवडली, आम्हांस नाही. पुतणी वही लिहीत आत बसली होती. आम्ही ओटीवर रोजनिशी काढून तिसरा मुद्दा वाचीत असता भावजय येऊन उभी राहिली. “भावोजी, उद्या बोलणार होतात ना?”

“होय, उद्या सकाळी बोलतो.”

“आता राहू द्या.”

आम्ही वर पाहिले. ती अंधारात समुद्राच्या आवाजाकडे तोंड करून उभी होती. काही वेळाने तिने विचारले, “तिकडं नारळ मिळत असतील नाही?” मिळतात, असे आम्ही सांगितले. नोव्हेंबरापासून इकडून तिकडे वारा वाहतो, त्या वाऱ्यावर पूर्वी आपल्या किनाऱ्यावरची गलबते आफ्रिकेस जात. एप्रिलपासून वारा उलटा फिरतो आणि गलबते परत येत, असेही सांगितले. हा एवढा एकच भूगोल आम्ही त्या चार दिवसांत कामाचा शिकविला असे वाटते. “एप्रिलपासून उलटा,” ती स्वतःशीच म्हणाली आणि आत गेली.

मुलगी जानेवारी २०२५ मध्ये गेली. मुंबईच्या विमानतळावर आतल्या दारापर्यंतच माणसांस सोडतात. तेथे भावजयीने नगराहून डब्यात जपून आणिलेले दही तिच्या हातावर घातले. आमच्या कुटुंबाने मेतकुटाचा डबा दिला. आम्ही रोजनिशीचे ते पान फाडून खिशात ठेविले होते. ते तिला द्यावे असे मनात आले होते, पण दिले नाही.

पहिल्या आठवड्यातच तिचे पत्र आले. पत्र म्हणजे आता दूरध्वनीवरच येते ते. तेथे चपातीस चपातीच म्हणतात, असे कळले. मोंबासास पोर्तुगीजांचा एक किल्ला आहे, त्याचे बांधकाम १५९३ साली सुरू झाले, “म्हणजे कोर्लई घेतली त्याच्या आदल्या वर्षी, बरोबर ना काका?” बरोबर. पाठोपाठ एक छायाचित्र आले. पाण्यावर लाल सूर्य, एक शिडाची होडी, माड. आमच्याकडे नऊ वाजत आले होते. मोंबासाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे तिकडे नुकताच दिवस उगवत होता. भावजय पूजा आटोपून आली होती. तिने चष्मा लावून छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले.

“हा मावळताना काढलाय?”

“नव्हे, उगवताना. तिच्याकडे समुद्र पूर्वेला आहे.”

“मग कोर्लईला आपण बघितला, तो?”

“तोच हा. पलीकडच्या काठावरून.”

तिने दूरध्वनी आमच्या हाती परत दिला आणि वाती वळावयास बसली.